जुन्या गाडीचं स्टिअरिंग: पैसे कुठे वाचवावेत?

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी तिचे सुटे भाग अजून मिळतात. टायरॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा जॉइंट, मागितला, की दुकानदार स्वस्त आणि महाग असे दोन्ही पुढे करतो. इथे महागातलाच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

या भागात पोलादी गोळा एका वाटीत फिरतो. त्याचं आयुष्य गोळ्याच्या कडकपणावर जितकं, तितकंच वरच्या रबरी बुटावर अवलंबून असतं. हलकं रबर लवकर तडकतं. मग ग्रीस बाहेर येतं, चिखलपाणी आत जातं आणि जॉइंट झपाट्याने झिजतो. स्टिअरिंगला प्ले येतो, टायर एका कडेने घासतात. जॉइंट निसटलाच, तर त्या चाकावर ताबाच राहत नाही. शिवाय भाग बदलला की मजुरी आणि व्हील अलाइनमेंट आलंच. वर्षभरात तेच काम पुन्हा करावं लागलं, तर स्वस्ताई कुठे उरली?

मात्र महाग म्हणजे गाडीच्या कंपनीचंच खोकं, असं नाही. कार कारखान्यांना माल पुरवणाऱ्या उत्पादकांचे स्वतःच्या नावाचे भाग बऱ्याचदा कमी किमतीत मिळतात. ते पक्क्या बिलावर घ्यावेत, कारण बाजारात नकली खोकीही आहेत. स्टिअरिंग कॉलमचं प्लॅस्टिकचं कव्हर मात्र खुशाल स्वस्तातलं घ्या.