चौकट : सन फायर व्ही२४० आतून

सन मायक्रोसिस्टिम्सने २००३ मध्ये आणलेला हा लहान युनिक्स सर्व्हर रॅकमधली जेमतेम दोन युनिट उंची घेतो. आत ६४-बिट अल्ट्रास्पार्क ३आय जातीचे एक किंवा दोन प्रोसेसर बसतात. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्याच चिपमध्ये असल्याने प्रत्येक प्रोसेसरला स्वतःचे चार मेमरी स्लॉट मिळतात. म्हणूनच एकच प्रोसेसर असेल, तर उरलेल्या चार स्लॉटमध्ये मेमरी घालून काही उपयोग नाही. खरेदी करताना हे हमखास विसरलं जातं.

पुढच्या बाजूला चार स्कझी डिस्क, मागे चार गिगाबिट नेटवर्क पोर्ट आणि दोन पॉवर सप्लाय. एक सप्लाय जळाला तरी मशीन दुसऱ्यावर चालू राहतं आणि जळालेला चालू मशीनमधूनच बदलता येतो.

मॉनिटर जोडायची सोय मुळात दिलेलीच नाही. सगळा कारभार सिरियल कन्सोलवरून, ९६०० बॉडच्या वेगाने चालतो. मशीन बंद असलं, तरी वीजपुरवठा असेपर्यंत अ‍ॅलॉम हा छोटा स्वतंत्र नियंत्रक जागा असतो. कन्सोलवर ‘#.’ दाबलं की त्याचा प्रॉम्प्ट येतो. तिथून पंखे आणि तापमान पाहावं, मशीन चालू-बंद करावं. रात्री दोन वाजता घरबसल्या सर्व्हर उठवता येणं ही माझ्या मते या यंत्राची सर्वांत मोठी जमेची बाजू.

होस्ट आयडी आणि नेटवर्कचे पत्ते एका काढता येण्याजोग्या कार्डावर असतात. मशीन बिघडलं, तर ते कार्ड आणि डिस्क तशाच दुसऱ्या व्ही२४०मध्ये घालायच्या. होस्ट आयडीशी बांधलेले सॉफ्टवेअर परवाने शाबूत राहतात.