चांदीची तार, रेशमाचा धागा: येवल्याची पैठणी

नाशिक शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या येवल्यात विणल्या जाणाऱ्या पैठणीला वस्त्र म्हणावे की दागिना, हा प्रश्न तिच्या पदराकडे पाहताना स्वाभाविकपणे पडतो. कारण त्या पदराची जमीन, म्हणजे ज्या पृष्ठभागावर मोर आणि कमळे उमटतात तो भाग, जरीची असते आणि अस्सल जर ही मुळात चांदी असते.

पैठणीला नाव मिळाले ते गोदाकाठच्या पैठणवरून, म्हणजेच सातवाहनांच्या प्रतिष्ठानवरून. पेशवाईत तिला मोठी मागणी आणि राजाश्रय लाभला. येवला हे गाव रघोजी नाईक यांनी वसवले आणि विणकरांना तेथे आश्रय दिला, असे मानले जाते. त्या आश्रयावर पैठणीबरोबरच पीतांबर आणि शेले विणणारी पेठ उभी राहिली आणि आज पैठणीचे नाव पैठणपेक्षाही येवल्याशी अधिक जोडले गेले आहे. २०१० साली पैठणीला भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली.

जर तयार करण्याचे काम हे विणकराचे नव्हे, तर सोनाराच्या विद्येचे अंग आहे. जुन्या पद्धतीत शुद्ध चांदीची कांब घडवून तिच्यावर सोन्याचा पातळ पत्रा चढवत, ती तापवून दोन्ही धातू एकजीव करत आणि मग ती जंतरातून, म्हणजे उतरत्या मापाची भोके पाडलेल्या पोलादी पट्टीतून, एकेका भोकातून ओढत नेत. प्रत्येक ओढीसरशी कांब लांबत आणि बारीक होत जाई. तरीही वरचे सोने चांदीबरोबरच पसरत जाऊन केसासारख्या तारेवरही टिकून राही, कारण हे दोन्ही धातू न तुटता ताणले जाणारे आहेत. ही तार चपटी करून रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळली, की जर सिद्ध होते. पुढे सोन्याचा मुलामा विजेच्या साहाय्याने शेवटी देण्याची पद्धत आली आणि या धंद्याचे मोठे केंद्र सुरत झाले. तरी चांदीची तार रेशमाला वेढून असते, ही रचना बदलली नाही.

मागावर रेशमाचा ताणा, म्हणजे उभे धागे, लावलेला असतो; त्यातून आडवा जाणारा बाणा साडीच्या अंगात रेशमाचा आणि पदरात जरीचा असतो. तीन धोट्यांच्या पैठणीत दोन्ही काठांना एकेक आणि अंगाला एक असे स्वतंत्र धोटे चालतात. काठाचा धागा आपल्या हद्दीपर्यंत जाऊन अंगाच्या धाग्याला अडकतो आणि तेथूनच मागे वळतो. प्रत्येक ओळीत असे दोन सांधे पडतात आणि त्यामुळेच काठाचा रंग अंगात न मिसळता रेघ आखल्यासारखा स्वच्छ राहतो.

या कलेचा खरा कस पदरात लागतो. तेथील मोर भरतकामाने वरून काढलेला नसतो, तर कापड विणले जात असतानाच त्याच्याबरोबर घडत असतो. निळे रेशीम गुंडाळलेली तिल्ली, म्हणजे लहानशी कांडी, मोराच्या मानेपुरत्या मोजक्या ताण्यांतून काढली जाते, शेजारच्या जरीच्या धाग्यात गुंतवली जाते आणि परतवली जाते. पुढच्या ओळीत मान वळायची असेल, तर विणकर बोटाने ताणे मोजून तिची हद्द एखाद-दोन धाग्यांनी सरकवतो. अशा अनेक तिल्ल्या एकाच ओळीत आपापल्या जागी थांबलेल्या असतात आणि त्या सर्व फिरून आल्यावाचून एक ओळ पुरी होत नाही. मोराच्या मानेची वळणदार कड जवळून पाहिली असता बारीक पायऱ्यांची दिसते, ती याच मोजणीमुळे. बांगडी मोर, मुनिया, अस्सावली किंवा अजंठा कमळ यांपैकी नक्षी कोणतीही असो, पदराची उलटी बाजू सुलटीइतकीच नेटकी असते आणि तेथे लोंबते धागे सापडत नाहीत. यंत्रमागावर वाढीव बाण्याने काढलेल्या नक्षीत मात्र मागे धागे मोकळे सुटतात किंवा कातरलेले दिसतात. पैठणी घेणाऱ्याने पदर उलटून पाहावा, असे जाणकार सांगतात ते यासाठीच. साध्या पदराला काही आठवडे लागतात. भरगच्च पदराला वर्षही अपुरे पडू शकते.

आज बहुतेक साड्यांत चांदीऐवजी तांब्याच्या तारेची ‘टेस्टेड’ जर वापरली जाते. त्यामुळे पैठणी अधिक घरांपर्यंत पोहोचली, हे मान्य करावेच लागते. परंतु तांब्याची जर पुढे काळवंडते आणि हातमागाच्या श्रमाला तिच्यामुळे उणेपणा येतो, हेही तितकेच खरे आहे. विणकराने ओळीओळीने मोजलेल्या कामाला निदान तितकाच टिकणारा धातू मिळायला हवा.

चांदीच्या या अंशानेच जुन्या पैठण्यांचा घातही केला. रेशीम विरले, की साडी जर विकत घेणाऱ्याच्या हाती जाई. तो ती जाळून राख मुशीत वितळवी आणि उरलेला गोळा तोळ्याच्या भावाने विकला जाई. त्या गोळ्यात चांदी जशीच्या तशी असे, पण ताणे मोजून वळवलेली मोराची मान कायमची गेलेली असे. काही घरांतील स्त्रियांनी मात्र विरलेल्या पैठणीचा पदर कापून दुसऱ्या लुगड्याला जोडला, आणि त्यामुळेच असे काही पदर मुशीपासून वाचले.