टोचन लावण्याआधी

बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला गर्दी उसळते ती वर्षातून दोनदा. पावसाळ्यात धबधब्यासाठी, आणि कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी; तेव्हा कर्नाटक-तेलंगणातूनही भाविक येतात. मांजरसुंब्याहून येणारा रस्ता डांबरी आहे. अडचण सुरू होते ती डांबर सोडल्यावर. बालाघाटच्या उतारावरचा मुरूम ओला झाला तरी चाक धरतो. सखल भागातली काळी माती मात्र पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा बुजवते आणि चाक जागच्या जागी फिरू लागते. वरची पपडी कोरडी दिसते म्हणून फसगत होते.

श्रावणात अशाच एका पपडीवर शहरातली गाडी रुतली. चालकाने रेस वाढवली, तसे चाक खाली गेले आणि गाडीचे पोट मातीला टेकले. वस्तीवरून ट्रॅक्टर आला. तो चालवणारा ऊसतोडीच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारा. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कारखान्यांकडे जातात. ओल्या फडातून भरलेली ट्रॉली बाहेर काढणे ही तिथली रोजची गोष्ट.

त्याने सोल, म्हणजे ओढायचा जाड दोर, हातात घेतलीच नाही. आधी खोरे मागितले. पोटाखालची माती मोकळी केली, चाकांपुढे उतार काढला, खाली तुराट्या अंथरल्या. मग टायरची हवा ३२ पौंडांवरून १८च्या आसपास आणली. हवा कमी झाली की टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो आणि कमी रुततो. (हवा परत भरल्याशिवाय महामार्गावर वेग घ्यायचा नाही, हेही त्यानेच बजावले.) एवढ्याने निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे धोक्याचे. गाडीला पेच फिरवून बसवायची कडी मिळते, ती बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर हळू ओढण्यापुरती. रुतलेल्या गाडीला झटका दिला तर ती कडी उपटून गोळीसारखी सुटू शकते. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला तर सोल कधीच बांधू नये. ऑस्ट्रेलियात असा निखळलेला गोळा लागून माणसे दगावली आहेत. नायलॉनची सोल ताणली जाते, तेव्हा ओढण्याचा जोर तिच्यातच साठतो. म्हणून तिच्या मधोमध ओले गोणपाट टाकतात, म्हणजे तुटली तरी ती खाली पडण्याची शक्यता वाढते.

ट्रॅक्टरची बाजूही तितकीच नाजूक. सोल मागच्या एक्सलपेक्षा उंच बांधली आणि रुतलेले ओझे हलले नाही, तर पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. दोन सेकंदही लागत नाहीत. क्लच दाबायला सवड मिळत नाही. त्याने सोल खालच्या ड्रॉबारला बांधली, पहिला गिअर टाकला आणि झटका न देता ताण घेतला. गाडी सरकत बाहेर आली.

त्याआधी त्याने सर्वांत जास्त वेळ घालवला तो माणसे हटवण्यात. मोबाइलवर चित्रण करणारी पोरे सोलीच्या अगदी शेजारी उभी होती. हेच सर्वांत भयंकर वाटते, कारण रुतलेली गाडी उद्याही निघते, गेलेला जीव परत येत नाही.

तेव्हा कपिलधारला याल तर गाडी मुरमावर लावा. ओढ्याला पूर असेल तर थांबा; फूटभर वाहते पाणीही लहान गाडी उचलते. आणि टोचन लागलेच, तर सोलीच्या लांबीच्या किमान दीडपट अंतरावर मुलाबाळांना उभे करा, मगच ट्रॅक्टरवाल्याला हात दाखवा.