कडधान्यांच्या भुंगेऱ्यावर डीप फ्रीझरचा उपाय

चवळी, मूग, हरभरा यांच्या डब्यात दिसणारा भुंगेरा बहुधा शेतातूनच आलेला असतो. वाळत आलेल्या शेंगांवर मादी अंडी घालते. साठवणीत ती अंडी थेट दाण्यावर चिकटवते. अंड्याच्या तळातून अळी दाण्यात शिरते आणि प्रौढ बाहेर पडेपर्यंत आतच राहते. सुमारे ३० अंश सेल्सिअसला एक पिढी साधारण चार आठवड्यांत पूर्ण होते. चाळणीने भुंगेरे वेगळे केले तरी दाण्यातील कीड कायम राहते ती यामुळेच.

अशा वेळी काही घरांत धान्याच्या डब्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवण्याची घातक सवय आढळते. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू राहत्या खोलीत जीव घेऊ शकतो. सामान्य ग्राहकाने या गोळ्या वापरण्यास कायद्याची परवानगी नाही.

राजस्थानातील मटकी असो वा मध्य प्रदेशातील हरभरा, दहा-वीस किलोंच्या साठ्यासाठी उणे १८ अंशांची थंडी पुरेशी ठरते. कीटकाच्या शरीरातील द्रव त्या तापमानाला गोठतोच असे नाही. मात्र इतकी थंडी सलग काही दिवस सोसणे त्याला शक्य होत नाही. अट एकच : ही थंडी दाण्यापर्यंत पोहोचली पाहिजे. अपयश येते ते नेमके येथे. धान्य उष्णतेचे मंदवाहक आहे. फ्रीझरमध्ये पोते ठेवले तर बाहेरचा थर गोठतो, मध्यभाग मात्र कित्येक दिवस कोमट राहतो. शिवाय हळूहळू थंड होणाऱ्या किडीला थंडीशी जुळवून घेण्यास अवधी मिळतो. त्यामुळे माल आधी साध्या फ्रिजमध्ये ठेवून मग फ्रीझरमध्ये हलवणे उलटेच ठरते.

त्यासाठी एक-दोन किलोंची चपटी, हवाबंद पाकिटे करून ती एकमेकांपासून थोडी सुटी ठेवावीत. मधल्या पाकिटात तापमापक ठेवावा. फ्रीझरच्या बटणावरचे आकडे हे तापमान नव्हे, आणि एका दाराच्या फ्रिजमधील बर्फाचा कप्पा बहुधा इतका थंड होत नाही. तापमापक उणे १८ दाखवू लागल्यावर चार दिवस मोजावेत. एकूण आठवडा धरणे सोयीचे. मध्ये वीज जाऊन तापमान चढले, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून करावी.

बाहेर काढलेले पाकीट लगेच उघडू नये. थंड दाण्यांवर हवेतील बाष्प साचते आणि किडीपासून वाचलेला माल बुरशीच्या तावडीत सापडतो. पाकीट एक दिवस बंदच राहू द्यावे. गोठवणीचा कोणताही अंश धान्यात उरत नाही, हा खाणाऱ्याचा लाभ. पण त्याच कारणाने पुढचे संरक्षणही मिळत नाही. उघड्या कणगीत ओतलेल्या मालात भुंगेरा पुन्हा येतोच, म्हणून साठवण घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच करावी.

बियाण्याच्या बाबतीत ओलावा निर्णायक असतो. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत बियाणे उणे १८ अंशांलाच ठेवतात, परंतु त्याआधी ते ३ ते ७ टक्के ओलाव्यापर्यंत सुकवलेले असते. ओलसर दाण्यातील पाण्याचा बर्फ होऊन अंकुर मरू शकतो. म्हणून चांगले वाळवलेले थोडेसे बियाणे प्रथम गोठवावे, त्यातील १०० दाण्यांची उगवण पाहावी आणि मगच उरलेला साठा फ्रीझरमध्ये ठेवावा.