तुमचा प्लॉट कोणत्या रंगात आहे?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण मराठवाड्यात कुणाला ठाऊक नाही? तिच्या उगमाबद्दल मात्र जितकी तोंडे तितक्या कथा. कुणी ती अभिमानाने सांगतो, कुणी डोळे मिचकावून. परभणीचा मनुष्य पुण्या-मुंबईत भेटला की पाच मिनिटांच्या आत ती ऐकवतो आणि ऐकणारा हसतो. पण एका बाबतीत जर्मनीचे आणि परभणीचे नाते थट्टेचे नाही, अगदी खरे आहे. खुद्द परभणीकरांच्याही ते फारसे ध्यानात नसेल. हे नाते आहे घर बांधण्याच्या नियमांचे. कोणत्या जागी राहावे, कोणत्या जागी दुकान थाटावे, कारखान्याचे धुराडे कोठे उभे करावे, हे गावाच्या नकाशावर रंगवून ठरवण्याची जी पद्धत आज परभणी महानगरपालिकेत चालते, तिचे माहेर जर्मनीतले आहे.

फ्रँकफुर्ट हे जर्मनीतील जुने व्यापारी शहर. गेल्या शतकाच्याही आधीची गोष्ट. फ्रांट्स आडिकेस नावाचे कर्तबगार गृहस्थ तेथे महापौर होते. शहर भराभर वाढत होते. त्यांच्या कारकीर्दीत, १८९१ साली, फ्रँकफुर्टने बांधकामाचे असे नियम केले की साऱ्या गावाला एकच कायदा न लावता गावाचे विभाग पाडले. जुन्या दाट वस्तीला एक नियम, बाहेरच्या मोकळ्या जागेला दुसरा. हा भाग राहण्याचा, हा कारखान्यांचा, हा मिश्र. आपल्या गृहिणींना यात नवल वाटणार नाही. मोरी कधी कुणी देवघराशेजारी काढत नाही आणि धान्याची कोठी न्हाणीघरात ठेवत नाही. जो विवेक घरात होता तो गावाला लावला, इतकेच. पुढे १९०२ साली आडिकेस यांच्याच प्रयत्नाने आणखी एक कायदा झाला. शहराबाहेरच्या वेड्यावाकड्या शेतपट्ट्या एकत्र करायच्या, त्यांतून सरळ रस्ते काढायचे आणि उरलेली जमीन नीट आखून ज्याची त्याला परत द्यायची.

ही कल्पना आपल्याकडे आली ती मुंबईच्या वाटेने. १८९६ च्या प्लेगने मुंबईचे डोळे उघडले आणि १८९८ मध्ये तेथे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. इंग्लंडने १९०९ साली नगररचनेचा कायदा केला. मग १९१५ साली मुंबई इलाख्याने स्वतःचा कायदा केला. हिंदुस्थानातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. जमिनी एकत्र करून पुन्हा वाटण्याची जर्मन युक्ती त्यात होती. थोड्याच वर्षांनी, १९१९ मध्ये, पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश पंडित मुंबई विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आले. गाव पाडून नवे करू नका, गावात पायी हिंडा, दुखते तेवढेच कापा, असे ते सांगत. त्यांचे सगळे ऐकले असते तर बरे झाले असते असे वाटते, पण तो विषय निराळा.

हे सारे मुंबई इलाख्यात घडत असताना परभणी निजामाच्या राज्यात होती. १९०८ च्या मुसी नदीच्या पुरानंतर निजामाने १९१२ साली नगरसुधार मंडळ नेमले खरे, पण ते राजधानी हैदराबादपुरते. जिल्ह्याची गावे आपापल्या गतीने वाढली. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आली, कापसाचा व्यापार वाढला आणि परभणीत स्टेशनाच्या ओढीने नवी वस्ती उभी राहिली. आखणी कुणी केली? बैलगाडीच्या चाकोरीने. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. नगरपालिकांना विकास योजना करणे सक्तीचे करणारा १९५४ चा मुंबईचा कायदा आणि त्याच्या जागी आलेला, ११ जानेवारी १९६७ पासून अमलात असलेला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम असे दोन कायदे या वाटेने मराठवाड्यात पोचले. गाव आधी आणि नकाशा मागून, असा आमच्याकडचा क्रम आहे. अर्ध्याअधिक तंट्यांचे मूळ येथेच सापडेल.

आता तो नकाशा पाहू. पिवळा रंग राहण्याचा, निळा व्यापाराचा, जांभळा कारखान्यांचा, हिरवा शेतीचा. मध्येमध्ये चौकोन आखलेले असतात आणि त्यांवर क्रमांक. ती आरक्षणे: शाळा, बाग, भाजी मंडई, क्रीडांगण, रुग्णालय. रस्ते दोन प्रकारचे असतात. काही पायाखाली असलेले, काही अजून केवळ कागदावर. या कागदावरच्या रस्त्यांनी जितक्या लोकांची झोप उडवली असेल तितकी खऱ्या रस्त्यावरच्या मोटारींनीही उडवली नसेल. कारण रस्ता आज दिसत नाही, तेथे ज्वारी डोलते आहे. पण उद्या तो तुमच्या स्वयंपाकघरातून जाणार असतो.

समजा, एक गुरुजी आहेत. तीस-बत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवले. जिंतूर, पाथरी, गंगाखेड असे बदलीचे संसार केले. निवृत्तीचा पैसा हाती आला तेव्हा परभणीत आपले स्वतःचे घर असावे असे बाईंनी मनात घेतले. एक दलाल भेटला. त्याने फटफटीवर बसवून गावाबाहेर नेले आणि चुन्याच्या रेघा मारलेले शेत दाखवले.

“गुरुजी, दीड गुंठा हाय. लगोलग शाळा येणार, रोड येणार. दोन वर्सांत भाव दुप्पट.”

“पण हे एन. ए. आहे का?”

“व्हतंय की. सगळ्यांनीच घेतलंय, तुमालाच काय घोर?”

घरी आल्यावर बाई म्हणाल्या, “अहो, सगळ्यांनी घेतलंय म्हणजे काय? कागद कुठाय?” हा प्रश्न गुरुजींनी त्या दलालाला विचारायला हवा होता.

गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद, एकूण १०८९ चौरस फूट. एकरात चाळीस गुंठे. नियमाने रेखांकन करायचे तर त्यातून पुरेशा रुंदीचे रस्ते सोडावे लागतात, आणि जमीन साधारण एकरभर किंवा जास्त असेल तर दहा टक्के मोकळी जागाही. मुलांनी खेळावे, म्हाताऱ्यांनी बसावे यासाठी ती असते. चुन्याच्या रेघा मारणाऱ्याला हे परवडत नाही. तो दहा-बारा फुटांची बोळ ठेवतो आणि बाकीचे सारे विकून मोकळा होतो. घेणारा सुटत नाही. पावसाळ्यात काळ्या चिखलात रिक्षा रुतते, गटाराला उतार नसतो, आग लागली तर बंब वळत नाही. घरासाठी बँक कर्ज देताना मंजूर नकाशा मागते, तो नसतो.

अशी वस्ती मराठवाड्यात आणि साऱ्या महाराष्ट्रात इतकी वाढली की सरकारला २००१ साली गुंठेवारी विकास नियमाधीन करण्याचा कायदा करावा लागला. १ जानेवारी २००१ पूर्वीचे प्लॉट शुल्क भरून नियमात आणण्याची सोय त्यात होती. पुढे २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवण्यात आली. ही सवलत योग्य की अयोग्य? पोटाला चिमटा घेऊन घर बांधणाऱ्याला रस्त्यावर काढणे कोणत्याही सरकारला शोभले नसते, हे खरे. पण दर वीस वर्षांनी मुदत वाढते हे एकदा बाजाराला कळले की दलालाची जीभ अधिकच गोड होते. ‘व्हतंय की’ हे त्याचे वाक्य मग खोटे ठरत नाही, ही खरी अडचण आहे. आणि शुल्क भरल्याने कागद सरळ होतो, बोळ मात्र दहा फुटांचीच राहते.

नियम पाळून बांधायचे ठरवले, तर पूर्वीपेक्षा आता वाट बरीच सोपी झाली आहे हेही सांगितले पाहिजे. पूर्वी शहरागणिक निराळी नियमावली असे. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजके प्रदेश सोडून साऱ्या राज्याला एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. २०११ साली नगरपालिकेची महानगरपालिका झालेल्या परभणीलाही तीच. मंजूर रेखांकनातला प्लॉट १५० चौरस मीटरपर्यंत असेल, तर परवानाधारक अभियंत्यामार्फत नकाशे आणि शुल्क दाखल करून कामाला लागता येते. लहान प्लॉटच्या माणसासाठीच जणू हे कलम लिहिले आहे. अट एवढीच की रेखांकन मंजूर हवे.

या नियमांतली एक गोष्ट परभणीच्या जुन्या घरांशी मुळीच जुळत नाही. आमची जुनी माळवदाची घरे भिंतीला भिंत लावून उभी. हवा आणि उजेड मधल्या चौकातून. बाहेरची भिंत हात-दोन हात जाड, म्हणून वैशाखातही माजघर गार. नव्या नियमात मोकळी जागा बाहेर हवी, तिला सामासिक अंतर म्हणतात. घर मध्ये आणि अंगण चहूकडे, हा साहेबाच्या बंगल्याचा नमुना. मोठ्या प्लॉटला तो शोभतो. लहान प्लॉटवर बाजूला जी अरुंद पट्टी उरते तीत ना तुळस जगते ना सायकल वळते. तेथे पाण्याची टाकी आणि अडगळ जाते. गावठाणातल्या दाट वस्तीला म्हणूनच निराळे नियम ठेवावे लागले. चौकाच्या घराचे शहाणपण नव्या वसाहतींत वापरून पाहायला काय हरकत आहे, असे आम्हांला वाटते. त्यातून परभणीची काळी जमीन कापसाला सोने आणि घराला वैरीण. पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि नव्या भिंतीला आडवी चीर देते. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर नियमावलीतले कोणतेच कलम उपयोगी पडत नाही.

सर्वांत कठीण प्रकरण आरक्षणाचे. एखाद्याच्या वडिलोपार्जित शेतावर नकाशात ‘क्रीडांगण’ असे लिहिले गेले. जमीन त्याचीच, सात-बारा त्याचाच. पण घर बांधता येत नाही आणि गिऱ्हाईक फिरकत नाही. पालिकेपाशी भूसंपादनाला पैसा नाही. मुलीचे लग्न तोंडावर आले, जमीन नुसती पाहत बसायची. कायद्याने त्याला एक दार ठेवले आहे. कलम १२७ सांगते की अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालकाने खरेदीची नोटीस द्यावी. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्या नोटिशीची मुदत चोवीस महिन्यांची आहे. तेवढ्यात संपादन झाले नाही किंवा त्या दिशेने पाऊल पडले नाही, तर आरक्षण आपोआप सुटते. ‘पाऊल’ म्हणजे काय यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटले गेले. २००७ साली गिरनार ट्रेडर्स खटल्यात न्यायालयाने सांगितले की जमीन घ्यावी असे वरच्या कचेरीला नुसते कळवणे म्हणजे पाऊल नव्हे. सरकारी पत्रव्यवहाराचा अनुभव असणाऱ्या प्रत्येकाला हा निकाल गोड वाटेल.

पण दुसरी बाजू पाहा. मालक सुटला, त्याच्या जागी चार मजले उभे राहिले आणि त्या भागातल्या मुलांचे मैदान गेले. त्या मुलांना कुणी नोटीस दिली नव्हती. १९७२ साली कृषी विद्यापीठ आले आणि त्याची विस्तीर्ण शेते गावाला लागून राहिली, म्हणून परभणीच्या डोळ्यांना अजून हिरवे दिसते. पण विद्यापीठाची प्रयोगाची शेते म्हणजे गल्लीतल्या पोरांचे क्रिकेटचे मैदान नव्हे. मालकाचे दुःख खरे आणि मुलांचेही. दोघांनाही न्याय देण्याचा मार्ग आहे: रोख पैशाऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, टीडीआर, मालकाला द्यायचा. मुंबई-पुण्यात त्याला भाव येतो. ज्या शहरात जमीन स्वस्त आणि उंच इमारती थोड्या, तेथे हा हक्क घेणार कोण? परभणीसारख्या गावाचा हा प्रश्न मोठ्या शहरांच्या उत्तरांनी सुटत नाही.

योजना कायमची नसते. कायद्याप्रमाणे वीस वर्षांतून एकदा तरी तिची फेरतपासणी व्हायला हवी, आणि तेव्हा नवे प्रारूप लोकांपुढे ठेवतात. राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते. ती बारीक अक्षरांत, निविदा आणि ‘हरवले आहेत’ यांच्या शेजारी असते. त्या दिवसापासून हरकती आणि सूचना देण्याची मुदत सुरू होते. ती महिन्या-दोन महिन्यांची. हरकत साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या सहीने देता येते. वकील लागत नाही. नियोजन समितीपुढे सुनावणी होते, माणसाला समक्ष बोलावतात. रस्ता चार हात सरकवा, हे आरक्षण शेजारच्या सरकारी पडीक जागेवर न्या, आमच्या वसाहतीला दवाखान्याची जागा दाखवा, हे सांगण्याची वेळ हीच. पुढे शासनाची मंजुरी मिळाली की तीच रेघ बदलायला निराळी प्रक्रिया आणि बरीच वर्षे लागतात. या मुदतीत कचेरीत कोण दिसते? जमिनीचे व्यापारी दिसतात, त्यांचे अभियंते दिसतात. ज्यांच्या दारावरून रस्ता जाणार ते त्या वेळी मुलाच्या दहावीत, नाहीतर लग्नाच्या याद्यांत असतात.

ज्यांना या दिवाळीनंतर प्लॉट पाहायचा आहे त्यांनी एक अर्ज महानगरपालिकेच्या नगररचना विभागात आधी द्यावा. झोन दाखला आणि भाग नकाशा मागावा. बयाणा त्यानंतर. दलालाने आणलेली झेरॉक्स चालणार नाही. शिक्क्याची प्रत स्वतः घ्यावी आणि त्यावर रंग कोणता, आरक्षण आहे का, आखलेल्या रस्त्याची रुंदी किती, ही तीन उत्तरे बोट ठेवून वाचावीत. बाईमाणसांनी बरोबर जावे. त्या नेमका प्रश्न विचारतात. अर्ज करताना मात्र गट क्रमांक लिहून न्यायला विसरू नये. ‘मंगल कार्यालयाच्या मागे, पिंपळाच्या झाडाजवळ’ असा पत्ता रिक्षावाल्याला कळतो, नकाशाला कळत नाही.