यकृतासोबत आलेला विषाणू

ऑक्टोबर २०२३. सुरतेत जेमतेम पाच दिवसांच्या बाळाचं अवयवदान झालं. मेंदू मृत झाल्याचं कळल्यावर त्या आईवडिलांनी होकार दिला, आणि ते इवलंसं यकृत दिल्लीत दुसऱ्या एका लहानग्याला मिळालं. या घटनेपुढे हात जोडावेत. पण त्या यकृतात बहुधा काय नव्हतं, हेही तितकंच नवलाचं आहे.

एपस्टाइन-बार विषाणू, म्हणजे ईबीव्ही, १९६४ मध्ये युगांडातून लंडनला आलेल्या गाठींच्या नमुन्यात सापडला. जगातल्या दहापैकी नऊ प्रौढांच्या शरीरात तो असतो. लाळेतून येतो, रक्तातल्या बी पेशींत मुक्काम ठोकतो आणि जन्मभर राहतो. आपल्या टी पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात, म्हणून आपल्याला पत्ताही लागत नाही.

आई किंवा बाबा बाळाला यकृताचा तुकडा देतात, तेव्हा त्यातल्या पेशींबरोबर हा विषाणूही येऊ शकतो. बाळाची त्याच्याशी कधी गाठच पडलेली नसते. त्यात नवं यकृत शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस हे औषध देऊन टी पेशींना आवरलेलं असतं. मग काही मुलांत बी पेशी बेसुमार वाढतात. ताप हटत नाही, टॉन्सिल सुजतात, मानेत गाठी येतात. कधी थेट लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग होतो. नवजात बाळाच्या यकृतात मात्र ईबीव्ही सहसा नसतोच.

रक्ततपासणीही इथे चकवते. तान्ह्या बाळाच्या रक्तात ईबीव्हीच्या अँटीबॉडी दिसल्या, तरी त्या गर्भात असताना आईकडून आलेल्या असू शकतात. म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाच्या अशा रिपोर्टवर डॉक्टर विसंबत नाहीत. प्रत्यारोपणानंतर ते रक्तात खुद्द विषाणूचंच प्रमाण पुन्हापुन्हा मोजत राहतात.

आणि उपाय? १९८४ मध्ये यकृत प्रत्यारोपणाचे शल्यविशारद थॉमस स्टार्झल यांच्या चमूने दाखवून दिलं की प्रतिकारशक्ती दाबणारं औषध कमी केलं किंवा थांबवलं की यातल्या काही गाठी चक्क विरून जातात. पहारेकरी परततात! तेवढ्याने भागलं नाही, तर बी पेशींवर मारा करणारं रिटुक्सिमॅब हे औषध आणि गरज पडल्यास केमोथेरपी. औषध कमी करताना यकृत नाकारलं जाण्याची टांगती तलवार असतेच, म्हणून डोस घरी स्वतःच्या मनाने कधीही बदलू नये.

ईबीव्हीवर अजून लस नाही. गोवर आणि कांजिण्यांवर आहे. पण त्या लशींत जिवंत विषाणू असल्याने प्रत्यारोपणानंतर त्या सहसा देत नाहीत. तुमच्या ओळखीतलं एखादं बाळ प्रत्यारोपणाच्या वाटेवर असेल, तर लशींचं डॉक्टरांना आधीच विचारायला सांगा.