७ फटके आणि एक ओढा: कार्नूस्टी, १९९९

ज्यांना ऐकायला वेळ नसतो त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना होणारे ‘अं’, ‘म्हणजे काय’ गाळलेत, आणि एके ठिकाणी आकडा चुकीचा बोलून गेलो होतो तो इथे सुधारलाय.

आज विषय गोल्फ. थांबा, टॅब बंद करू नका! मीही तुमच्यातलाच. पुण्यात दोन वर्षं येरवड्याच्या गोल्फ कोर्सच्या भिंतीशेजारून रोज ऑफिसला जायचो, आणि पलीकडे नक्की काय चालतं हे कधी डोकावून बघितलं नाही. मग एका रात्री युट्यूबवर एक जुना व्हिडिओ समोर आला. एक माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट-मोजे काढून ओढ्यात उभा आहे, हातात गोल्फची काठी, आणि काठावर हजारो लोक. मला वाटलं काहीतरी विनोदी असेल. बघत गेलो आणि रात्रीचे दोन वाजले.

तारीख १८ जुलै १९९९. स्कॉटलंडमधलं कार्नूस्टी. स्पर्धा ओपन चॅम्पियनशिप, गोल्फमधली सगळ्यात जुनी. तारखेकडे जरा लक्ष द्या. बरोबर महिनाभर आधी, १७ जूनला, इंग्लंडमध्ये एजबॅस्टनला वर्ल्ड कपची सेमीफायनल झाली होती. क्लूसनर, डोनाल्ड, ती रनआउट, दोन्हीकडे २१३ आणि टाय. ते ज्यांनी बघितलंय त्यांना आता पुढे काय सांगणार त्याचा अंदाज आलाच असेल. ब्रिटनमध्ये त्या उन्हाळ्यात जिंकत आलेल्या माणसांचं काही खरं नव्हतं.

आधी दोन मिनिटं नियम, मग गोष्ट. चार दिवस, रोज १८ होल, एकूण ७२. ज्याचे एकूण फटके सगळ्यात कमी तो जिंकला. प्रत्येक होलसाठी एक अपेक्षित आकडा ठरलेला असतो, तो ‘पार’. पारपेक्षा एक जास्त लागला तर बोगी, दोन जास्त म्हणजे डबल बोगी, एक कमी तर बर्डी. कार्नूस्टीचं पार होतं ७१, म्हणजे चार दिवसांचं २८४. बस्स, एवढं पुरे.

पण एक गोष्ट क्रिकेटवाल्या डोक्याला पटकन जाणवत नाही. इथे समोर कोणी बोलर नाही. चेंडू तुमच्या पायाशी निवांत पडलाय, तुम्ही मारेपर्यंत तो हलणारही नाही. विचार करायला वेळच वेळ. आणि आघाडी कितीही असो, डाव घोषित करता येत नाही, शेवटच्या होलमध्ये चेंडू जाईपर्यंत खेळावंच लागतं. माझ्या मते गोल्फमधली सगळी भीती या दोन गोष्टींतून येते.

त्या वर्षी कार्नूस्टी नुसतं भयंकर होतं. फेअरवे, म्हणजे मधला कापलेल्या गवताचा पट्टा, एकदम अरुंद. बाजूचं गवत गुडघ्याएवढं. वर समुद्रावरचा वारा. पहिल्या दिवशी ७१ मारून सगळ्यांच्या पुढे असलेल्या रॉडनी पॅम्पलिंगने दुसऱ्या दिवशी ८६ मारले आणि तो थेट स्पर्धेबाहेर गेला. १९ वर्षांच्या सर्जिओ गार्सियाने पहिल्याच दिवशी ८९ मारले. चार दिवसांनंतर एकूण पारखाली कोणीही नव्हतं.

आणि या सगळ्यात पुढे कोण? झाँ वान द वेल्ड. फ्रेंच. जागतिक क्रमवारीत १५२वा. ७५, ६८, ७० अशा तीन फेऱ्या खेळून शनिवारी संध्याकाळी तो बरोबर पारवर होता, आणि त्याच्यामागचे दोघं, जस्टिन लेनर्ड आणि क्रेग पॅरी, पाच फटके मागे. फ्रान्सचा माणूस ही स्पर्धा याआधी एकदाच जिंकला होता, १९०७ साली, आर्नो मासी.

रविवारी तो थोडा घसरला. पॅरीने त्याला गाठलंही, पण १२व्या होलवर पॅरीचा ट्रिपल बोगी झाला आणि तो मागे पडला. वान द वेल्ड ७२व्या, म्हणजे शेवटच्या होलच्या टीवर आला तेव्हा तो +३ होता. आधी खेळून झालेले दोघं, लेनर्ड आणि पॉल लॉरी, +६ वर. म्हणजे तीन फटक्यांची आघाडी आणि एक होल बाकी. पार चार. सहा फटके लागले तरी हा चॅम्पियन. डबल बोगी मारूनही जिंकतोय! आपल्याकडे याला ‘मॅच खिशात’ म्हणतात.

त्याला सात लागले.

आता इथून पुढे लोक सहसा एकच वाक्य बोलतात, की वेडा होता, डोकं फिरलं होतं. मला ते पटत नाही, आणि त्याला थोडं वैयक्तिक कारण आहे. मागच्या वर्षी आमच्याकडे एका रात्री रिलीज बिघडला. बटण मी दाबलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये मी घेतलेले पाचही निर्णय चुकीचे ठरले, कारण शेवट वाईट झाला होता. त्यातले तीन आदल्या आठवड्यात तसेच घेतले होते, तेव्हा सगळ्यांनी ‘मस्त’ म्हणून अंगठा दिला होता. तेव्हापासून मी लॉग ओळीने वाचतो. प्रत्येक पायरीला एकच प्रश्न: त्या क्षणी त्याला काय दिसत होतं? तर चला, वान द वेल्डचा लॉग वाचू.

पहिला फटका. होल ४८७ यार्डांचा. त्यातून बॅरी बर्न नावाचा ओढा वळणं घेत जातो. स्कॉटलंडमध्ये बर्न म्हणजे ओढाच. तो उजवीकडे येतो आणि मग परत हिरवळीच्या अगदी तोंडाशी आडवा येतो. डावीकडे हद्दीबाहेर जायची भीती. अशा वेळी आखूड काठी घेऊन चेंडू मधे ठेवायचा, सहा फटके हातात आहेतच. यांनी काढला ड्रायव्हर, सगळ्यात लांब मारणारी काठी. चेंडू भरपूर उजवीकडे गेला, १७व्या होलच्या बाजूला, आणि ओढ्याच्या वळणातल्या कोरड्या तुकड्यावर पडला. माझ्या मते हा सगळ्यात चुकीचा निर्णय, आणि याचीच शिक्षा झाली नाही. नशिबाने वाचला. कोडमध्येही असंच होतं, खरा बग ज्या ओळीत असतो ती ओळ चालून जाते.

दुसरा फटका. चेंडू चांगल्या जागी आहे. आता हळू मारून ओढ्याच्या अलीकडे थांबायचं की थेट हिरवळीकडे जायचं? त्याने दोन नंबरची आयर्न घेतली आणि सरळ मारलं. इथे सगळे कपाळाला हात लावतात. पण बघा, चेंडू ओढा पार करून गेला! फक्त उजवीकडे सरकला, प्रेक्षकांच्या स्टँडकडे. स्टँडमध्ये अडकला असता तर नियमाप्रमाणे दंड न लागता चेंडू बाहेर काढून ठेवता आला असता. म्हणजे उजवीकडची चूक ही त्यातल्या त्यात स्वस्त चूक होती. पण चेंडू स्टँडच्या लोखंडी कठड्यावर आपटला, तिथून उलटा उडून ओढ्याच्या दगडी भिंतीच्या माथ्यावर आपटला, आणि तिथून पुन्हा मागे उडून ओढ्याच्या अलीकडे, गुडघाभर गवतात पडला. हे कोणत्या स्प्रेडशीटमध्ये धरणार?

तिसरा फटका, आणि इथे मात्र मी त्याची बाजू घेणार नाही. चेंडू गवतात गाडलेला, समोर ओढा. दोन फटके झालेत, सहाची परवानगी आहे. आडवं मारून फेअरवेवर ये: तीन. ओढ्यावरून हिरवळीवर जा: चार. दोन पट: सहा. कप तुझा. बोटांवर मोजायचा हिशोब आहे हा. त्याने त्या गवतातून ओढ्यावरून मारायचा प्रयत्न केला. गवताने काठी धरली आणि चेंडू बदकन पाण्यात. आधीच्या दोन निर्णयांत काहीतरी युक्तिवाद करता येतो. याच्यात नाही. मला वाटतं त्या विचित्र उसळीनंतर तो चेंडूशी नाही, त्या उसळीशीच खेळत होता. रात्री तीन वाजता रोलबॅक न करता ‘फक्त एक छोटा फिक्स’ टाकणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे.

मग तो प्रसिद्ध फोटो. बूट काढले, मोजे काढले, ओढ्यात उतरला, कारण चेंडू पाण्यात दिसत होता आणि तिथूनच मारता येईल असं त्याला वाटलं. ओढा समुद्राला मिळतो, भरतीचं पाणी आत येत होतं. तो उभा होता तेवढ्या वेळात चेंडू आणखी खाली गेला. शेवटी मुकाट्याने बाहेर आला, दंडाचा एक घेतला, तो चौथा. अजूनही संधी होती. पाचवा हिरवळीवर आणि एका पटमध्ये आत, तरी जिंकला असता. पाचवा गेला बंकरमध्ये, वाळूत.

त्याच बंकरमध्ये पॅरीचाही चेंडू होता. पॅरी आधी खेळला आणि त्याने वाळूतून थेट होलमध्ये घातला. बर्डी! वान द वेल्डला नेमकं तेच करायचं होतं, सहावा फटका, थेट आत. त्याचा होलजवळ येऊन थांबला. मग उरलेला पट, काही फुटांचा, सगळं जग बघतंय, चुकला तर प्लेऑफही नाही. तो त्याने घातला आणि मूठ आवळली. सात. सगळे हसतात ते ओढ्याला. मला लक्षात राहतो तो हा पट.

आणखी एक, जे या गोष्टीत कोणी सांगत नाही. थोड्याच वेळापूर्वी त्याच होलवर लेनर्डनेही दुसरा फटका हिरवळीकडे मारला होता आणि तोही त्याच ओढ्यात गेला होता. लेनर्ड म्हणजे १९९७चा ओपन विजेता. त्याला कोणी वेडा म्हटलं नाही, कारण तो पुढे नव्हता.

आता पॉल लॉरी. शेजारच्या अॅबरडीनचा, क्रमवारीत १५९वा, पात्रता फेरी खेळून स्पर्धेत आलेला. शेवटच्या दिवशी सकाळी तो दहा फटके मागे होता. दहा! त्याने ६७ मारले. त्या मैदानावर, त्या वाऱ्यात, ६७. मग बराच वेळ थांबून राहिला, आणि शेवटी तिघांचा चार होलचा प्लेऑफ लागला, १५ ते १८. वान द वेल्डने पहिल्याच होलवर डबल बोगी केला. लॉरीने १७ आणि १८ वर बर्डी मारल्या. ज्या १८व्या होलने तासाभरापूर्वी एकाचं वाटोळं केलं, तिथेच त्याने चार नंबरच्या आयर्नने ओढ्यावरून मारलेला चेंडू झेंड्यापासून तीन-चार फुटांवर थांबला. मेजर स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी दहा फटके भरून काढून जिंकणं याआधी कोणालाच जमलं नव्हतं. आणि तरी ‘कार्नूस्टी १९९९’ म्हटलं की लोकांना आठवतो तो हरलेला. मीही शीर्षक त्याच्यावरूनच दिलंय, सॉरी लॉरीसाहेब.

वान द वेल्डचं पुढे काय झालं? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो आणि लॉरी दोघंही रायडर कपमध्ये युरोपकडून खेळले. आणि डिसेंबरमध्ये, कडाक्याच्या थंडीत, एका जाहिरातीसाठी वान द वेल्ड पुन्हा कार्नूस्टीच्या १८व्या होलवर गेला. सोबत फक्त पटर, म्हणजे हिरवळीवर चेंडू लोटायची काठी. पूर्ण होल तिनेच खेळायचा. तिसऱ्या प्रयत्नात त्याने तो सहा फटक्यांत पूर्ण केला.